दुखणं खरं, दोषी कोण?

१९७८ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात अकिरा यामामोतो या डॉक्टरांनी एका अठरा वर्षांच्या मुलीला एक नवं औषध सुरू केलं. तिच्या रक्तात कोलेस्टेरॉलचं प्रमाण १००० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. ते २०० च्या आत असावं असं एरवी सांगितलं जातं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, की हा आजार होतो आणि त्यात ऐन तारुण्यात हृदयविकार गाठतो. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. औषधाचं नाव होतं कॉम्पॅक्टिन, मात्रा रोज ५०० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल उतरायला लागलं, पण दोनेक आठवड्यांत मुलीच्या हातापायांतलं त्राण गेलं, चालणं अवघड झालं. स्नायूंची मोडतोड झाली की रक्तात वाढणारं एन्झाइमही चढलं होतं. यामामोतोंनी औषध बंद केलं, स्नायू सावरू दिले आणि मग बरीच कमी मात्रा देऊन उपचार पुन्हा सुरू केले.

स्टॅटिन हा औषधांचा गट आज जगभर कोट्यवधी लोक घेतात. त्यातलं पहिलं औषध ज्या पहिल्या रुग्णाला दिलं, तिच्यातच स्नायूंचा त्रास दिसला होता. त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतं ही तक्रार मनघडंत म्हणून झटकून टाकता येत नाही. पण ही गोळी घेणाऱ्या माणसाची मांडी दुखली की ते गोळीमुळेच, असंही म्हणता येत नाही. गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनाने या दोन टोकांच्या मधली जागा बरीच मोजून काढली आहे.

कॉम्पॅक्टिन शोधून काढलं होतं अकिरा एन्डो यांनी. उत्तर जपानमधल्या अकिता भागातल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला लहानपणापासून बुरशी आणि अळंबीचं वेड होतं. सांक्यो या औषध कंपनीत १९७१ पासून दोन वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक बुरशींची चाचणी घेतली. हवं ते सापडलं क्योतोतल्या एका धान्य दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. उंदरांवर ते चाललं नाही आणि प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. मग १९७६ मध्ये एका सहकाऱ्याच्या प्रयोगातल्या कोंबड्यांना ते देऊन पाहिलं, तर त्यांचं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. कॉम्पॅक्टिन पुढे बाजारात आलंच नाही. मर्क या अमेरिकन कंपनीने दुसऱ्या एका बुरशीतून काढलेलं लोव्हास्टॅटिन १९८७ साली मंजूर झालं आणि तिथून ही औषधं दवाखान्यांत पोहोचली. एन्डो २०२४ साली वयाच्या नव्वदीत वारले.

स्टॅटिनचं काम यकृतात चालतं. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवतं, आणि या कामात यकृताचा वाटा मोठा. ते बनण्याच्या लांबलचक साखळीत अगदी सुरुवातीला एक एन्झाइम लागतं. स्टॅटिन ते अडवतं. यकृतातल्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडायला लागलं की त्या रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, जास्त ओढून घेतात. रक्त तेवढं स्वच्छ होतं. अडचण अशी, की याच साखळीतून पुढे इतर पदार्थही तयार होतात. पेशीच्या ऊर्जानिर्मितीला लागणारं कोएन्झाइम क्यू-१० त्यातलंच, आणि पेशीतल्या कित्येक प्रथिनांना आपापल्या जागी चिकटून राहण्यासाठी लागणारे रेणूही त्यातलेच. साखळी सुरुवातीलाच अडवली की खालचं सगळं कमी होतं. औषध यकृतातच राहिलं तर फारसं बिघडत नाही. ते रक्तातून स्नायूंपर्यंत जास्त प्रमाणात गेलं, तर तिथल्या पेशींना त्याची झळ बसू शकते.

या तर्काला अलीकडे वेगळ्याच बाजूने दुजोरा मिळाला. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या एका बेदुइन कुटुंबात तरुणपणीच स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की स्टॅटिन जे एन्झाइम अडवतं, त्याच एन्झाइमच्या जनुकात त्यांच्याकडे दोष आहे. त्या साखळीतला पुढचा पदार्थ बाहेरून दिल्यावर एका रुग्ण महिलेची हालचाल सुधारली. स्टॅटिनने खरोखर बाधलेल्या स्नायूत काय घडत असावं, याचा इतका स्पष्ट पुरावा याआधी हाती नव्हता.

स्नायूंपर्यंत किती औषध पोहोचेल हे माणसागणिक बदलतं. रक्तातलं स्टॅटिन उचलून यकृतात नेणारं एक वाहक प्रथिन असतं. काही लोकांत त्याच्या जनुकात छोटासा फरक असतो आणि ही उचल मंदावते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००८ साली सिम्व्हास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणाऱ्या रुग्णांची जनुकं तपासली. ज्यांच्याकडे या फरकाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांच्यात स्नायूंना गंभीर इजा होण्याची शक्यता एकही प्रत नसलेल्यांच्या जवळपास सतरा पट निघाली. २०११ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्या मोठ्या डोसवर निर्बंध आणले. आशियाई वंशाच्या लोकांत रोसुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जवळपास दुप्पट होतं, म्हणून त्यांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, असं या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. भारतातल्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. मोठ्या डोसने स्नायूंचा त्रास झालेल्या कितीतरी रुग्णांना छोटा डोस निर्वेध सोसतो.

स्टॅटिनच्या इतिहासातलं सर्वांत काळं पान सेरिव्हास्टॅटिनचं. बायर कंपनीचं हे औषध १९९७ साली बाजारात आलं आणि ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. तोपर्यंत जगभरात ५२ मृत्यू या औषधाशी जोडले गेले होते, त्यातले ३१ अमेरिकेतले. या रुग्णांत स्नायूंच्या पेशी फुटून त्यांच्यातला मालमसाला रक्तात उतरला आणि तो गाळताना मूत्रपिंडं निकामी झाली. वैद्यकीय भाषेत याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मरण पावलेल्यांपैकी अनेक जण सोबत ट्रायग्लिसराइड कमी करणारं जेमफायब्रोझिलही घेत होते. दोन औषधं एकत्र आली की एकाची रक्तातली पातळी किती वर जाऊ शकते, हा धडा तेव्हा फार मोठी किंमत मोजून मिळाला. आज वापरात असलेल्या स्टॅटिनने ऱ्हॅब्डोमायोलिसिस होण्याचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी आहे. पण त्याची लक्षणं प्रत्येक घरात माहीत असावीत: स्नायूंत तीव्र वेदना, उभं राहता येऊ नये इतका अशक्तपणा आणि काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी लघवी. असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. त्यात दुसरा विचार नको.

याहून दुर्मीळ एक प्रकार आहे. काही रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्टॅटिन जे एन्झाइम अडवतं त्याच्यावरच उलटते आणि गोळी बंद केल्यावरही स्नायूंचा ऱ्हास चालूच राहतो. अशा रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार लागतात. लाखात दोन-तीन जणांना होणारा हा आजार आहे, पण गोळी सोडून दोन-तीन महिने झाले तरी ताकद परत येत नसेल तर त्याची आठवण डॉक्टरांना व्हायला हवी.

हे झाले गंभीर आणि विरळ प्रकार. रोजच्या ओपीडीत ऐकू येणारी तक्रार निराळी असते. ‘डॉक्टर, ती कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून मांड्या भरून येतात.’ ‘रात्री पोटरीत गोळा येतो.’ ‘जिना चढताना पाय ओढल्यासारखे होतात.’ रक्त तपासलं तर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या मोडतोडीचं तेच एन्झाइम, अगदी नॉर्मल येतं. गोळी घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांपासून पार वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत लोक अशी तक्रार करतात, असं डॉक्टरांच्या अनुभवावर आणि साध्या पाहण्यांवर आधारलेले आकडे सांगत आले. खरी गोळी आणि नकली गोळी यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांतून मात्र सतत वेगळंच उत्तर येत होतं. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोक होते. अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांत कधी ना कधी स्नायू दुखल्याची तक्रार खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्क्यांनी केली आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ३३.२ टक्क्यांनी.

साठीच्या आसपासच्या माणसांचा तिसरा हिस्सा पाच वर्षांत केव्हातरी अंग दुखल्याचं सांगतो, गोळी असो वा नसो. या आकड्यांचा साधा अर्थ एवढाच. पण त्यावर समाधान मानणं बरोबर नव्हतं. ज्यांना आधी त्रास झालेला आहे असे लोक चाचण्यांत येतच नाहीत, असा आक्षेप रुग्ण आणि अनेक डॉक्टर घेत होते, आणि तो रास्त होता.

त्याला उत्तर शोधलं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी. त्यांनी मुद्दाम असेच ६० लोक निवडले, की ज्यांनी स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला म्हणून गोळी सोडून दिली होती. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत २० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी नकली गोळी आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम प्रत्येकासाठी वेगळा. बाटली रिकामी आहे हे दिसत होतंच, पण गोळ्या असतील तर त्या खऱ्या की खोट्या हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. रोज मोबाइलवर त्रासाला शून्य ते शंभरपैकी गुण द्यायचे.

वर्षाअखेर हिशेब मांडला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी होती ८. स्टॅटिनच्या महिन्यांत ती १६.३ झाली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. गोळी घेतली की त्यांचा त्रास दुपटीने वाढत होता. नकली गोळीच्या महिन्यांतला आकडा होता १५.४. गोळी बंद केल्यावर जितक्या लवकर बरं वाटायचं, तितक्याच लवकर नकली गोळी बंद केल्यावरही बरं वाटायचं. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी घेतल्यामुळे जाणवणाऱ्या त्रासाचा नव्वद टक्के भाग त्या गोळीत औषध नसतानाही होता.

औषधाने अपाय होईल या अपेक्षेनेच अपाय जाणवतो, याला नोसिबो परिणाम म्हणतात. हा मनाचा कमकुवतपणा आहे असं समजण्याची चूक सर्रास होते. दुखण्याची जाणीव मेंदूत घडते, आणि मेंदू ज्या अवयवावर पहारा ठेवतो तिथली एरवी दुर्लक्षित राहणारी कुरबुरही मोठी होऊन पोहोचते. चालून आल्यावर पोटरीला लागलेली रग कालपर्यंत थकवा होती. माहितीपत्रकात ‘स्नायुदुखी’ वाचल्यावर तीच रग लक्षण बनते. वेदना दोन्ही वेळी खरीच असते. लंडनच्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढे घडली. संशोधकांनी प्रत्येक सहभागी व्यक्तीला तिचाच बारा महिन्यांचा आलेख दाखवला. साठपैकी तीस जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. उपदेशाने जे झालं नसतं, ते स्वतःच्या नोंदींनी झालं.

या प्रयोगाला मर्यादा होत्या. लोक थोडे होते आणि महिनोन्महिने गोळी घेतल्यावर हळूहळू त्रास सुरू होणारे रुग्ण त्यात नव्हते. मोठा हिशेब ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झाला आणि २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नकली गोळीशी तुलना करणाऱ्या १९ चाचण्यांतल्या जवळपास एक लाख चोवीस हजार लोकांची माहिती, व्यक्तिवार, एकत्र तपासली गेली. स्नायू दुखल्याची किंवा दुबळे झाल्याची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी केली, नकली गोळी घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनी. जो थोडा जादा त्रास दिसला तो मुख्यतः पहिल्या वर्षातला: दर हजार लोकांमागे अकराच्या आसपास. त्या वर्षातही तक्रार करणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक लोकांचं दुखणं गोळीमुळे नव्हतं.

उरलेला तो एक जण मात्र आहे, आणि त्याला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणं हा अन्यायच आहे. या आकडेवारीचा असाही वापर होताना दिसतो आणि तो थांबला पाहिजे.

आता रक्तदाबाच्या गोळ्यांकडे वळू, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या डब्यात या दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी असतात आणि दुखण्याचं खापर सहसा एकट्या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर फुटतं. भारतात रक्तदाबासाठी नेहमी दिली जाणारी औषधं म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याच्या उपचारपद्धतीतही हीच तीन नावं आहेत. यांतलं क्लोरथॅलिडोन, तसंच हायड्रोक्लोरोथायझाइड, ही लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी औषधं. त्याबरोबर पोटॅशियमही जातं आणि कधी सोडियमही घटतं. पोटॅशियम उतरलं की स्नायू दुबळे वाटतात, रात्री पायात गोळे येतात. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. ही तपासणी स्वस्त आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते. तरी वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांची ती एकदाही झालेली नसते. उन्हाळ्यात घाम, त्यात जुलाब झालेले, आणि वर ही गोळी, असं एकत्र आलं तर रात्री पायात गोळे येण्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, पाय जड वाटतात, संध्याकाळी मोज्याचा वण उमटतो. हे दुखणं स्नायूंचं नसतं, पण सांगताना रुग्ण ‘पाय दुखतात’ असंच सांगतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी हृदयाची गती संथ होते. चढ चढताना काहींना दम लवकर लागतो, पाय थकल्यासारखे होतात, हातपाय गार पडतात. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या बहुतेकांना निर्धोक सोसतात. आणि मग या दोन गोळ्यांमधला छुपा दुवा: रक्तदाबाच्या काही गोळ्या स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात. म्हणूनच अ‍ॅम्लोडिपिन चालू असताना सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर १० च्या वर देऊ नये, असा नियम आहे. घशासाठी, छातीसाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन दोन्हींची पातळी चढवतं. बुरशीजन्य त्वचारोगावरचं इट्राकोनॅझोलही तेच करतं. गजकर्णावर ते आपल्याकडे आठवडेच्या आठवडे दिलं जातं. त्वचेच्या डॉक्टरांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे सांगायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. औषध केमिस्टकडून परस्पर आणलं असेल तर विचारायलाही कुणी नसतं.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलबद्दलही इथेच सांगायला हवं. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. स्टॅटिन नको म्हणून ती घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, फक्त किती ते त्याला कळत नाही.

गोळीच्या आड लपणारे दुसरेही आजार आहेत, आणि हा भाग सर्वांत सावधपणे वाचावा असा आहे. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात. अशा माणसाला आधी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मिळतो, मग स्टॅटिन मिळतं, मग मांड्या दुखायला लागतात, आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी झालीच नाही तर मूळ आजार तसाच राहतो. शिवाय थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो. दुसरा आजार पायांच्या धमन्यांचा. थोडं चालल्यावर पोटरी दुखते, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुखते. हे लक्षण धमनीत चरबीचे थर साचून रक्त कमी पडत असल्याचं आहे. या रुग्णाने गोळीला दोष देऊन स्टॅटिन सोडलं, तर ज्याची त्याला सर्वांत जास्त गरज तेच तो टाकून देतो. एकाच पोटरीत अचानक दुखणं आणि सूज आली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन लगेच दाखवायला हवं.

स्टॅटिनच्या खऱ्या दुखण्याची ठेवण थोडी वेगळी असते. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं, मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही आठवड्यांत ते येतं, आणि गोळी थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकच गुडघा, एकच खांदा, सकाळी आखडलेली बोटं हे सहसा या गोळीचं काम नसतं. सीपीकेची तपासणी करायची तर आदल्या दिवशी व्यायामशाळेत घाम गाळून किंवा गड चढून येऊ नये. नुसत्या श्रमानेही तो आकडा वर जातो. नॉर्मलच्या दहापट वाढलेलं सीपीके ही धोक्याची खूण, थोडंसं वाढलेलं बहुधा नाही.

व्यायामाबद्दलची भीती मात्र सोडायला हरकत नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात दर वर्षी चार दिवसांची पदयात्रा भरते. तिची सुरुवात १९०९ सालची. लोक रोज ३० ते ५० किलोमीटर चालतात. तिथल्या संशोधकांनी स्टॅटिन घेणारे, स्टॅटिनने दुखतं असं सांगणारे आणि स्टॅटिन न घेणारे अशा तिन्ही गटांतल्या चालणाऱ्यांचं रक्त रोज तपासलं. चालण्याने सगळ्यांचेच स्नायू दुखले, सगळ्यांचंच सीपीके वाढलं, पण स्टॅटिनमुळे त्यात भर पडली नाही. कोएन्झाइम क्यू-१० च्या महागड्या गोळ्यांनी हे दुखणं हमखास थांबतं असंही सिद्ध झालेलं नाही. ड जीवनसत्त्वाची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. त्यात स्टॅटिन सुरू केलेल्यांपैकी, हे जीवनसत्त्व घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांतल्या ३१ टक्के लोकांनी स्नायू दुखल्याचं सांगितलं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावं, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. स्टॅटिनचं दुखणं टाळण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

गोळी सोडण्याची किंमत किती, हेही मोजलं गेलं आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली असा ताळा मांडला: हृदयविकार आधीच झालेल्या दहा हजार लोकांनी पाच वर्षं परिणामकारक मात्रेत स्टॅटिन घेतलं, तर सुमारे एक हजार जणांचे हृदयविकार, पक्षाघात, अँजिओप्लास्टी असे प्रसंग टळतात. त्याच दहा हजारांत गंभीर स्नायुविकार सुमारे पाच जणांना होतो, आणि गोळीमुळे खरोखर अंग दुखणारे असतात पन्नास ते शंभर. मधुमेह नव्याने होणारेही पन्नास ते शंभर. हा परिणाम खरा आहे आणि तो लपवू नये. डेन्मार्कमध्ये पावणेसात लाखांच्या आसपास स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की वर्तमानपत्रांत स्टॅटिनविरोधी बातम्या आल्या की गोळी सोडणारे वाढतात, आणि लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका २६ टक्क्यांनी जास्त. ऑस्ट्रेलियात २०१३ साली एका टीव्ही कार्यक्रमाने स्टॅटिनवर शंका घेतली. पुढच्या काही महिन्यांत साठ हजारांच्या आसपास लोकांनी ही गोळी कमी घेतली असा अंदाज निघाला. आपल्याकडे हेच काम व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारे मजकूर करतात, आणि त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

खरोखर बाधणाऱ्यांसाठी आज वाटा आहेत. गोळी काही आठवडे डॉक्टरांच्या सांगण्याने थांबवायची, दुखणं ओसरतं का पाहायचं, मग तीच गोळी कमी डोसमध्ये किंवा दुसरं स्टॅटिन सुरू करायचं. रोसुव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन शरीरात बराच काळ टिकतात, त्यामुळे काहींना ती एक दिवसाआड देऊनही चालतात. सोबत कोलेस्टेरॉल कमी करणारं इझेटिमिब दिलं की छोटा डोस पुरतो. २०२० पासून बेम्पेडोइक अ‍ॅसिड हे औषधही मिळू लागलं आहे. ते यकृतात गेल्यावरच कार्यरत होतं. ते चालू करणारं एन्झाइम स्नायूंत नसतं. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास चौदा हजार लोकांवरच्या चाचणीत त्याने हृदयविकारासारखे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी केले. त्याने यूरिक अ‍ॅसिड वाढतं, म्हणून गाउट असणाऱ्यांनी जपून. त्यापलीकडे इंजेक्शनं आहेत. परिणामकारक, पण अजून बहुतेकांच्या खिशाला न परवडणारी.

म्हणून ज्यांचे पाय दुखतात त्यांना एक विनंती. गोळी परस्पर बंद करून पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘चालू आहे’ असं सांगू नका. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, डोस कधी वाढला, दुखणं कधी आणि कुठे सुरू झालं, मधे कुठलं अँटिबायोटिक घेतलं, हे एका कागदावर लिहा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक आणि ‘नैसर्गिक’ कॅप्सूलसकट, पिशवीत घालून घेऊन जा. सीपीके, टीएसएच, पोटॅशियम या तपासण्या झाल्या आहेत का, ते विचारा. आणि समोरचे डॉक्टर कागद न पाहताच ‘काही नाही, घेत राहा’ म्हणाले, तर पुन्हा विचारा.